ज्याचं त्याचं कुलूप

सोमवारी आमच्या प्रशिक्षणाच्या खोलीत नवी माणसं येतात, आणि सोमवारीच माझे गुडघे जास्त दुखतात. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त मालासाठी, आणि खालच्या स्टोअरमध्ये चार्जिंगला लावलेली आठ टोपरी वर आणायची ती मी. साहेब लोक त्याला हेडसेट म्हणतात. डोळ्यांवर, कानांवर घट्ट बसवायचं, मागून पट्टा आवळायचा, आणि मग चांगले थोराड बाप्ये तान्ह्या बाळासारखे हवेत हात हलवायला लागतात. मी त्याला टोपरंच म्हणणार.

माझं काम ती पुसायची, डोक्यावर चढवायची आणि चक्कर येऊन पडणाऱ्याला धरायचं. आधी मी पॅकिंगमध्ये होते. उभं राहून राहून कंबर गेली, म्हणून हे 'हलकं काम' मिळालं. ज्याने हलकं म्हटलं त्याने एकदा नव्वद किलोचा वेल्डर कोसळताना धरून दाखवावा. असो. मी सांगायला बसले ते माझ्याबद्दल नाही, मास्तरांबद्दल.

मास्तर म्हणजे आमच्या कारखान्यात सुरक्षा शिकवणारे. शाळेत वगैरे कधी शिकवलेलं नाही त्यांनी. आम्ही कपडे धुण्याची पावडर करतो, तिथे ते ढोलावर कामगार होते. ढोल म्हणजे पावडर मिसळायचं मोठं आडवं पिंप, आतमध्ये फिरणारी पोलादी पाती. पावडर भिंतीला चिकटून घट्ट होते, ती दर पंधरा दिवसांनी माणसाने आत शिरून खरवडावी लागते. आत माणूस असताना कुणी बटण दाबलं तर काय होईल ते मी सांगत बसत नाही. म्हणून नियम असा, की आत जाणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचच्या दांड्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. जितकी माणसं आत, तितकी कुलपं दांड्यावर. शेवटचं निघेपर्यंत वीज चालू होत नाही.

एकोणीस वर्षं मास्तरांनी हेच शिकवलं. "ज्याचं त्याचं कुलूप, ज्याची त्याची किल्ली." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. त्यांच्या खिशात स्वतःचं एक जुनं पितळी कुलूप कायम असायचं, त्यावरचा नंबर घासून पुसट झालेला. बोलताना सारखा त्याच्याशी चाळा. उंच माणूस, पण चालताना वाकून, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. बायको गेल्यापासून डबा उभ्यानेच खायचे. दोन घास, पाणी, झालं. मी म्हणायचे, "मास्तर, बसा हो, खुर्चीला काय काटे आहेत?" तर म्हणायचे, "बसलं की झोप येते." तसंही असेल. डोळ्यांखाली झोप साठलेली दिसायचीच. निवृत्तीला चार महिने उरले होते.

ते मास्तर झाले एका अपघातामुळे. त्यांचा जोडीदार होता, त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. कामावर यायच्या आधी त्याची शिट्टी यायची. गाणं कुठलं तेही कळायचं नाही, सूर असा काही नव्हताच, पण वाजवायची हौस दांडगी. एकोणीस वर्षांपूर्वी तो ढोलात असताना ढोल सुरू झाला. मी तेव्हा पॅकिंगला होते, मला भोंगा आठवतो आणि त्यानंतरची शांतता आठवते. चौकशी झाली, अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'सदर कामगार स्वतःचे कुलूप न लावता, शिट्टी वाजवत, निष्काळजीपणे ढोलात शिरला.' फाईल बंद झाली. मास्तर त्या दिवशी त्याच्याबरोबर होते, म्हणून कंपनीने त्यांना म्हटलं, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, तुम्हीच शिकवा. त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. आम्हाला वाटलं, दोस्तासाठी करतोय बिचारा.

शिट्टीच्या मागे बायको आणि पाच वर्षांची मुलगी राहिली. मास्तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे जायचे. नळ गळत असेल तर वायसर बदलायचे, दार घासत असेल तर रंधा मारायचे, चहा घ्यायचे आणि उठायचे. मी दोनदा बरोबर गेले होते. ती बाई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. बोलायला फटकळ, माझ्यासारखीच. दोन्ही वेळा तिने मास्तरांसमोर मेलेल्या नवऱ्याचा उद्धार केला. "एक कुलूप अडकवायचं होतं हो भाऊजी. एवढंसं कुलूप. स्वतः सुटला, मला टाकलं इथे राबायला. शिट्ट्या मारत गेला मेला." मास्तर कपात बघत ऐकायचे.

गेल्या वर्षी टोपरी आली. आधी मास्तर फळ्यावर दांडा काढायचे, कुलूप काढायचे, आणि मागच्या बाकावरची माणसं घोरायची. आता तसं नाही, हे कबूल करायला हवं. टोपरं घातलं की तुम्ही ढोलासमोर उभे. पावडरचा धूर, पात्यांची धार, सगळं असं समोर. आधी झालेला अपघात दाखवतात, मग म्हणतात आता तुम्ही करा. टोपऱ्याबरोबर हातात धरायच्या बटणांच्या दोन मुठी असतात, त्यांनी कुलूप उचलायचं, दांड्याला घालायचं, किल्ली खिशात टाकायची, बटण दाबून खात्री करायची, मग आत पाऊल. एक गोष्ट चुकली की पाती फिरतात आणि सगळं लाल. फोर्कलिफ्टवाला एक रांगडा गडी टोपरं काढून भिंतीला टेकून बसला होता, मला म्हणाला, "मावशी, मी घरी फोन करून येऊ का?" त्यानंतर कुलूप न लावता कुणी ढोलाकडे फिरकत नाही. काम चोख आहे त्या टोपऱ्याचं.

पण अपघाताचं ते दृश्य बनवलं होतं जुन्या अहवालावरून. बाहेरच्या कंपनीचा एक तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने अहवालातली ओळन् ओळ धरली होती. नारिंगी कपड्यातला एक माणूस, चेहरा असा काही नाही, शिट्टी वाजवत येतो, मोकळ्या दांड्याकडे ढुंकूनही न बघता ढोलात शिरतो. त्याच्या मागून त्याचा जोडीदार. थोड्या वेळाने जोडीदार एकटाच बाहेर येतो, नळावर जातो. मग बटण. मास्तरांनी ते टोपरं घालून बघितलं. काढलं तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. तो तरुण म्हणाला, "सर, बरोबर आहे ना सगळं? असेल तर इथे सही." मास्तर म्हणाले, "शिट्टी काढता येईल का?" तो म्हणाला, "अहवालात आहे सर. शिवाय त्याने परिणाम छान येतो." मास्तरांनी सही केली.

तेव्हापासून दर सोमवारी खोलीत आठ टोपऱ्यांतून आठ शिट्ट्या बारीक बारीक ऐकू यायच्या. मास्तर तेवढ्या वेळापुरते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. मला काही शंका आली नाही, असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. आली होती. पण शंकेच्या मागे जायलाही अंगात जोर लागतो. मी टोपरी पुसत राहिले.

आणि मग शिट्टीची पोरगी कामाला लागली. चोवीस वर्षांची, इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली, देखभाल विभागात जागा निघाली तिथे तिची निवड झाली. आईने कडाडून विरोध केला होता म्हणे, पण पोरगीही तिचीच. सोमवारच्या यादीत तिचं नाव बघितलं तेव्हा मास्तर मला म्हणाले, "तिला ते दृश्य नको दाखवायला. तू सांग, टोपरं बिघडलंय." मी म्हटलं, "मी कशाला सांगू? साहेबांच्या यादीवर खूण झाल्याशिवाय तिला आत घेणार नाहीत. नोकरी जाईल पोरीची." त्यांनी कुलूप खिशात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

ती आली. बापासारखीच किडकिडीत. मला "मावशी" म्हणाली, मास्तरांना "काका". टोपरं मीच चढवलं तिच्या डोक्यावर, केस बाजूला सारून. आमच्याकडे भिंतीवर एक पडदा आहे, पहिल्या टोपऱ्यातला माणूस काय बघतोय ते त्यावर दिसतं. पहिलं टोपरं तिच्याच डोक्यावर होतं. शिट्टी सुरू झाली. नारिंगी माणूस आला. मी तिच्या मागे हात पुढे करून उभी, आता पडेल मग पडेल. ती हललीसुद्धा नाही. सगळं लाल झालं, तरी नाही. म्हणाली, "परत लावा."

परत लावलं. मग तिसऱ्यांदा. पडद्यावर बघितलं तर ती ढोलाकडे बघतच नव्हती. मान वळवून स्विचकडे बघत होती.

तिने टोपरं काढलं. बाकी सात जण खोळंबले होते, मास्तरांनी त्यांना चहाला पाठवलं. मी गेले नाही. मला टोपरं पुसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर पाय निघत नव्हता.

"काका, यात दोघं आत जातात," ती म्हणाली. "दुसरे तुम्हीच ना?"

"हो."

"दांडा मोकळा आहे. तिन्ही वेळा बघितला मी. बाबांनी कुलूप लावलं नाही हे मला पाठ आहे, आई रोज सांगते. पण तुम्हीही नाही लावलंत? तुम्ही तसेच आत गेलात?"

मास्तरांना फक्त हो म्हणायचं होतं. तेव्हा आम्ही सगळेच तसे होतो, असं म्हटलं असतं तर पोरीने मान डोलावली असती आणि चार महिन्यांनी ते हार घालून घरी गेले असते. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, संपवा. मला खरंच तसं वाटत होतं. लाज वाटते आता.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी लावलं होतं."

"मग ते गेलं कुठे?"

"मी काढलं."

मग त्यांनी सांगितलं. उभ्यानेच, हातातल्या त्या कुलपाकडे बघत. तेव्हा आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. कुलूप स्टोअरमधून सही करून आणायचं, स्टोअरवाला जागेवर सापडायचा नाही, अर्धा अर्धा तास जायचा. म्हणून जोडीत एकच कुलूप, जो वयाने मोठा त्याचं. मोठ्याच्या कुलपावर धाकटा आत जायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाला, साहेबाला, मलासुद्धा. शिट्टी मास्तरांपेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणून त्याने कधीच स्वतःचं लावलं नाही. तो मास्तरांच्या कुलपावर आत होता.

"आणि तो शिट्टी वाजवायचा ते मस्तीने नाही," मास्तर म्हणाले. "ढोलात शिट्टी घुमते. ऐकू येतेय तोवर माणूस आत, असं आमचं ठरलेलं. मी बाहेर आलो की त्यावरून मला कळायचं. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. आत गेल्यावर मी त्याला म्हटलं, गप रे बाबा, तुझी शिट्टी बंद कर जरा. त्याने बंद केली. काम उरकत आलं होतं, मी नळावर तोंड धुवायला बाहेर आलो. तिथे आपल्यासारखेच नारिंगी कपडे घातलेला कुणीतरी पाठमोरा हात धुत होता, मला वाटलं तोच, उरलेलं उरकून आलाय. ढोलातून शिट्टी येत नव्हती. मी कुलूप काढलं आणि बटणवाल्याला हात केला."

माझ्या हातातलं टोपरं मी तीनदा पुसलं होतं.

"अहवालात का नाही हे?" तिने विचारलं.

"मला विचारलं, याने कुलूप लावलं होतं का. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. पुढचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. मग त्यांनी मला शिकवायला लावलं, आणि मग तर..."

"आई तुमच्यासमोर त्यांना बोलायची."

"हो."

"तुम्ही ऐकत बसायचात."

"हो."

"चहा पीत."

पोरगी रडली नाही. टोपऱ्याचा वळ उमटला होता कपाळावर, तो चोळत राहिली. मग म्हणाली, "साहेबांना लिहून द्या. आणि आईला तुम्ही सांगायचं. मला नाही जमणार." आणि माझ्याकडे वळून, "मावशी, माझी पाळी राहिलीय अजून." मी टोपरं पुन्हा चढवलं. तिने कुलूप उचललं, लावलं, किल्ली खिशात, बटण दाबून बघितलं, आत गेली, काम करून बाहेर आली. एकही चूक नाही. फक्त मुठी परत घेताना तिचे हात बर्फासारखे गार होते.

मास्तरांनी दुपारी एक पानभर लिहून दिलं, तेव्हा मी सोमवारची यादी द्यायला साहेबांच्या खोलीतच होते. साहेबांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "चार महिने राहिलेत तुमचे. आता कशाला हे उकरून काढताय? चौकशी लागेल. निरोप समारंभसुद्धा होईल की नाही सांगता येत नाही."

"नको समारंभ," मास्तर म्हणाले. "ते दृश्य बदलायला हवं. दांड्यावर एक कुलूप दाखवा, आणि ते काढणारा माणूस दाखवा."

"पुढच्या वर्षीच्या करारापर्यंत एक अक्षर बदलता येत नाही त्यातलं."

"मग तोपर्यंत मी तोंडाने सांगेन. टोपरी घालायच्या आधी. दर सोमवारी."

साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मास्तर उठले नाहीत. थोड्या वेळाने साहेबांनी तो बाहेर काढला आणि त्यावर शिक्का मारला. मास्तर हेडसेटना माझ्यासारखंच 'टोपरी' म्हणाले, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर मास्तर मला म्हणाले, "तू चल बरोबर. एकटा गेलो तर दारातून परत येईन." माझे गुडघे नको म्हणत होते. गेले.

तिची आई नुकतीच कामावरून आली होती. पाय पाण्याच्या टबात सोडून बसलेली. पोरगी आधीच घरी पोहोचली होती, ओट्यापाशी पाठ करून उभी. मास्तरांना बघून आई म्हणाली, "आज कुठला रविवार, भाऊजी? बरं झालं आलात. नळ परत गळतोय. नवऱ्याच्या हातचं बसवलेलं काही धड म्हणून नाही या घरात, स्वतः गेला आणि..."

"वहिनी," मास्तर म्हणाले, "त्याची चूक नव्हती."

आणि तिथेच, दारातच, चप्पल न काढता सगळं सांगितलं. सकाळी सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. कुलूप कुणाचं, कुणी काढलं, शिट्टी कशासाठी होती आणि कुणी बंद करायला लावली. आवाज एकदाही चढला नाही. मला वाटत होतं ही बाई आता टब फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं, मास्तरांनाही.

तिने पाय पाण्यातून काढले. पुसले, एकेक बोट. मग विचारलं, "म्हणजे तो तिथे काम करत होता?"

"खरवडत होता."

"टवाळक्या नव्हता करत."

"नाही वहिनी. मी सांगितलं म्हणून गप्प होता."

ती टॉवेलची घडी घालायला लागली. दिवसभर हेच करते ती, हात आपोआप चालत असतील. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. पोरीकडे एकदा बघितलं.

"ही सहा वर्षांची होती," ती म्हणाली. "एकदा अंगणात खेळताना शिट्टी वाजवली हिने. अगदी त्याच्यासारखी, सूर ना ताल. मी धावत गेले आणि हिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला होता. त्यानंतर आजपर्यंत हिने वाजवली नाही."

मास्तर उभेच होते, हात खिशात, त्या कुलपावर.

"सांगा ना भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्या कारखान्याला शिकवता तुम्ही. ते मी आता परत कसं घेऊ?"